जुन्या खोक्यांतून सणांची चिमुकली आरास : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गिरगावातील आमच्या चाळीत श्रावण लागला की रविवारच्या दुपारी सामायिक गॅलरीत चटया अंथरल्या जातात आणि वर्षभर माळ्यावर साठवलेली खोकी खाली येतात. गणपतीच्या मखरापासून नाताळच्या गोठ्यापर्यंत जी लहान लहान आरास तेथे तयार होते, तिच्याविषयी शेजारी, पालक आणि उपनगरांतून मुद्दाम येणारी हौशी मंडळी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत.

आरास चिमुकलीच का करायची? मोठी केली तर काय बिघडते?

पहिले कारण जागेचे आहे. ज्या दहा बाय बाराच्या खोलीत दिवसा पाहुणे बसतात आणि रात्री अंथरुणे पसरतात, तेथे चार फुटी देखावा दहा दिवस ठेवणे म्हणजे घरातल्या कोणाची तरी झोपण्याची जागा काढून घेणे असते. टेबलाच्या कोपऱ्यावर, फ्रीजवर किंवा देवघराच्या फळीवर मावणारी आरास कोणाच्या वाटेत येत नाही.

दुसरे कारण पुठ्ठ्याच्या स्वभावाचे आहे आणि आमच्या मते तेच अधिक महत्त्वाचे आहे. पुठ्ठ्याची पट्टी एका टोकाला धरून दुसऱ्या टोकावर वजन ठेवले, तर ती थोडी वाकते. तीच पट्टी दुप्पट लांब घेतली, तर तेवढ्याच वजनाने ती आठपट वाकते. म्हणूनच जो पुठ्ठा मोठ्या मखरात दोन दिवसांत मान टाकतो, तोच वीतभर मखरात वर्षानुवर्षे ताठ उभा राहतो. वापरून झालेल्या पुठ्ठ्यात घड्या, दबलेल्या जागा आणि टेपचे डाग असणारच. लहान काम करताना त्यांच्यामधला चांगला भाग निवडून घेता येतो, मोठ्या कामात ती सोय राहत नाही.

पुठ्ठ्याची छोटी घरे करण्याची पद्धत कोठून आली?

युरोपातील मोरेव्हियन पंथाच्या ख्रिस्ती कुटुंबांत येशूजन्माच्या देखाव्याभोवती लहानसे गावच मांडण्याची रीत होती. ही मंडळी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियात स्थायिक झाली, तेव्हा ती रीतही त्यांच्याबरोबर तेथे गेली. या मांडणीला ते ‘पुट्झ’ म्हणत. सजवणे या अर्थाच्या जर्मन क्रियापदावरून तो शब्द आला आहे. पुढे दोन महायुद्धांच्या मधल्या काळात जपानमध्ये तयार झालेली पुठ्ठ्याची रंगीत, चमचमती घरे अमेरिकेच्या बाजारात मोठ्या प्रमाणावर विकली गेली. त्या घरांच्या मागच्या भिंतीला एक गोल भोक असे आणि त्यातून विजेच्या माळेतला एक दिवा आत सरकवला की खिडक्या उजळत. आपणही हीच युक्ती वापरतो. आपल्याकडे दिवाळीचा किल्ला आणि त्याच्या पायथ्याचे गाव मांडण्याची परंपरा आहेच, त्यामुळे लहान आकारात एक जग उभे करण्याची ही आवड मराठी घराला परकी नाही.

कोणता पुठ्ठा कशासाठी वापरावा?

सर्वांत जास्त विचारला जाणारा आणि सर्वांत जास्त चुकणारा हा प्रश्न आहे. घरात येणारा सगळा पुठ्ठा एकसारखा नसतो, आणि कामाला अयोग्य पुठ्ठा निवडला तर पुढचे कौशल्य वाया जाते.

किराणा मालाच्या आणि घरपोच सामानाच्या तपकिरी खोक्यांचा पुठ्ठा पन्हळी असतो. दोन सपाट कागदांच्या मध्ये लाटांसारखा वळवलेला तिसरा कागद चिकटवलेला असतो आणि त्याची जाडी साधारण ३ ते ४ मिलिमीटर भरते. जड सामानाच्या खोक्यात असे पाच किंवा सात थर असतात. हा पुठ्ठा पाया, जोते, डोंगर आणि जाड भिंती यांसाठी घ्यावा. पिझ्झाच्या किंवा लहान यंत्रांच्या खोक्यात बारीक पन्हळीचा, सुमारे दीड मिलिमीटर जाडीचा पुठ्ठा मिळतो. लहान घरांच्या भिंतींसाठी आणि छपरांसाठी त्याच्यासारखा दुसरा नाही. मात्र तेलाचा डाग पडलेला भाग निर्दयपणे कापून टाकावा, कारण त्यावर ना गोंद धरत ना रंग, आणि त्याच्या वासाने झुरळे येतात.

टूथपेस्ट, औषधे, अगरबत्ती, बिस्किटे यांच्या खोक्यांचा पुठ्ठा पातळ आणि एकसंध असतो. त्याला छपाईच्या धंद्यात डुप्लेक्स म्हणतात. बाहेरून पांढरा व गुळगुळीत, आतून करडा. खिडक्यांच्या चौकटी, कठडे, पायऱ्या, कंदील हे सर्व यातून करावे, आणि करडी बाजू बाहेर ठेवावी, कारण रंग तिच्यावरच नीट बसतो. नव्या शर्टाच्या आत घातलेला पुठ्ठा, दिनदर्शिकेची पाठ आणि वहीचे पुठ्ठे हे मधल्या जाडीचे म्हणून फार उपयोगी पडतात.

लग्नपत्रिकांविषयी थोडे वेगळे सांगायला हवे. मखराच्या सोनेरी कमानी, महिरपी आणि कळस यांसाठी जुन्या पत्रिकेइतका देखणा कागद विकत घेऊनही मिळत नाही. पत्रिकेवर गणपतीचे किंवा कुलदेवतेचे चित्र असते आणि ते कापणे अनेकांना रुचत नाही. आम्ही तो भाग अखंड काढून मखराच्या पाठीमागे आतल्या बाजूस चिकटवतो.

दूध किंवा फळांच्या रसाची खोकी या कामासाठी घेऊ नयेत. त्यांत प्लास्टिकचा आणि ॲल्युमिनियमचा थर असल्यामुळे घरगुती गोंद त्यांवर टिकत नाही. परदेशी फळांची मेण लावलेली खोकीही याच कारणाने बाद होतात. अंड्यांचे ट्रे मात्र फेकू नयेत. त्यांच्या वाट्यांची जास्वंदीसारखी फुले होतात आणि भिजवून कुस्करले की किल्ल्याचे कातळ होतात.

पन्हळीच्या दिशेला एवढे महत्त्व का दिले जाते?

कारण पन्हळी पुठ्ठ्याची सगळी ताकद एकाच दिशेत असते. लाटांच्या नळ्या उभ्या असतील, तर भिंत वजन पेलते. त्याच नळ्या आडव्या आल्या, तर भिंत मधोमध मोडते. खोके बनवणाराही नळ्या उभ्याच ठेवतो, म्हणून खोक्यांवर खोकी रचता येतात. कापण्यापूर्वी पुठ्ठ्याची कड डोळ्यांसमोर धरून नळ्या कोणत्या बाजूला जातात ते पाहावे आणि पेन्सिलने बाण काढून ठेवावा. भिंती, खांब आणि कमानीचे पाय यांत बाण वर जाणारा असावा. गोल बुरूज करायचा असेल तेव्हाही नळ्या उभ्या ठेवून आतल्या बाजूच्या कागदावर दर नळीला हलकी रेघ ओढली, की पुठ्ठा बुरजासारखा सुरेख वळतो.

पातळ डुप्लेक्सलाही अशी दिशा असते, फक्त ती दिसत नाही. तुकडा दोन्ही बाजूंनी हळूच वाकवून पाहावा. ज्या बाजूने तो सहज वळतो, त्या बाजूने घडी स्वच्छ येते.

मापे कशी ठरवावीत? डोळ्यांच्या अंदाजाने चालेल का?

डोळ्यांच्या अंदाजाने केलेले घर अनेकदा खेळण्यासारखे दिसते आणि प्रमाणात केलेले घर खऱ्यासारखे. फरक कौशल्याचा नसून केवळ मापाचा असतो. सर्वांत सोपे प्रमाण म्हणजे एका मीटरला एक सेंटीमीटर.

उदाहरणादाखल तळमजला अधिक तीन मजल्यांची चाळ घेऊ. प्रत्येक मजला ३ मीटर उंच धरला तर चार मजल्यांचे १२ सेंटीमीटर होतात आणि वर उतरत्या छपराचे आणखी ३. एका मजल्यावर ३ मीटर रुंदीच्या सहा खोल्या असतील तर दर्शनी भाग १८ सेंटीमीटरचा होतो. दार २ सेंटीमीटर उंच, गॅलरी सव्वा सेंटीमीटर रुंद, कठडा १ सेंटीमीटर आणि गॅलरीत उभ्या असलेल्या आजी दीड सेंटीमीटर. हे सगळे मिळून एका मध्यम पुस्तकाएवढ्या जागेत बसते.

आता जाडीकडे लक्ष द्यावे, कारण बहुतेकांचे येथेच चुकते. या प्रमाणात ३ मिलिमीटरचा पन्हळी पुठ्ठा ३० सेंटीमीटर जाडीची भिंत दाखवतो, आणि जुन्या चाळीच्या बाहेरच्या भिंतीला ते शोभते. त्याच पुठ्ठ्याचा कठडा केला तर तोही ३० सेंटीमीटर जाड दिसतो आणि सारी चाळ बोजड वाटू लागते. कठडा अर्ध्या मिलिमीटरच्या डुप्लेक्सचाच हवा. कठड्याच्या उभ्या गजांसाठी काडेपेटीच्या काड्या वापरू नयेत, त्या या प्रमाणात झाडाच्या बुंध्याएवढ्या होतात. खळीत बुडवून ताणून वाळवलेला शिवणाचा दोरा लहान लहान तुकड्यांत कापून वापरावा.

खोताच्या वाडीतल्यासारखे एखादे बसके, लाकडी जिन्याचे आणि व्हरांड्याचे घर करायचे असेल, तर एका मीटरला २ सेंटीमीटर हे प्रमाण घ्यावे. त्या घरांचे सौंदर्य बारीक लाकडी नक्षीत आहे आणि ती फार लहान केली तर हरवते. मापे घेण्यासाठी कोणाच्या घराच्या आवारात शिरू नये. दाराची उंची २ मीटर धरून छायाचित्रावरून बाकीची मापे काढता येतात.

कौलारू छप्पर खऱ्यासारखे कसे दिसेल?

बारीक पन्हळीच्या पुठ्ठ्याचा एका बाजूचा सपाट कागद ओल्या फडक्याने दोन-तीन मिनिटे दमट करावा आणि एका कोपऱ्यापासून सावकाश सोलावा. खालून लाटांची ओळ उघडी पडते. ती पूर्ण वाळू द्यावी. तांबडा आणि थोडा तपकिरी रंग मिसळून लावला की ती मंगलोरी कौले होतात, आणि करडा रंग लावला की पत्रा. कौलांसाठी पुठ्ठा एक-एक सेंटीमीटरच्या पट्ट्यांत कापून, खालून वर, प्रत्येक पट्टी आधीच्या पट्टीवर किंचित चढवत चिकटवावी. लाटा उताराच्या दिशेनेच असाव्यात, म्हणजे पाऊस पडला तर पाणी खाली वाहील अशा. ही दिशा चुकलेली छपरे आम्ही फार पाहिली आहेत आणि पाहणाऱ्याला चूक नेमकी सांगता आली नाही तरी छप्पर खटकतेच. सगळी कौले एकाच रंगाची करू नयेत. दोन-चार कौले फिकट, एखादे काळसर, आणि कडेला हिरवट शेवाळाचा एक हात एवढे पुरते.

कापण्यासाठी कात्री बरी की कटर?

डुप्लेक्सला कात्री चालते, पन्हळी पुठ्ठ्याला नाही, कारण कात्री नळ्या चेपते. स्टीलच्या पट्टीला टेकवून कटर तीन-चार वेळा हलक्या हाताने फिरवावा. एकाच दमात जोराने कापले की पाते घसरते आणि कडही फाटते. खाली जुनी वर्तमानपत्रे न घालता जाड पुठ्ठाच ठेवावा. पात्याचे टोक बोथट झाले की मोडून टाकावे आणि मोडलेले तुकडे झाकणाच्या डबीत जमा करावेत. कचरा हाताने वेगळा करणाऱ्या माणसाचे बोट आपल्या निष्काळजीपणाने कापले जाऊ नये. घडीची रेघ ओढायला शाई संपलेले बॉलपेन उत्तम.

खळ, डिंक की फेविकॉल?

तिन्हींची कामे वेगळी आहेत. कागदावर कागद चिकटवताना, म्हणजे भिंतींवर रंगीत कागद लावताना, खळ सर्वांत सोयीची, कारण ती सावकाश वाळते आणि कागद सरकवून नीट बसवता येतो. एक वाटी मैदा आणि चार ते पाच वाट्या पाणी, गुठळ्या मोडून, मंद आचेवर सारखे ढवळत, पारदर्शक होईपर्यंत शिजवावे. पूर्वी किडीपासून बचाव म्हणून खळीत मोरचूद घालत. ते विषारी आहे आणि ज्या घरात लहान मुले किंवा मांजर आहे तेथे ते मुळीच घालू नये. त्याऐवजी लागेल तेवढीच खळ करावी आणि दोन दिवसांत संपवावी.

भिंतीला भिंत जोडताना पांढरा फेविकॉल घ्यावा, पण थेंबाथेंबाने. जास्त गोंदाने पुठ्ठा भिजतो आणि जोड मजबूत होण्याऐवजी उशिरा वाळतो. जोड कपड्यांच्या चिमट्यांनी किंवा रबरबँडने अर्धा तास धरून ठेवावा. डिंक पतंगी कागदासाठी राखून ठेवावा.

रंग दिल्यावर पुठ्ठा वाकतो. काय करावे?

एका वर्षी आम्ही मखराची पाठ फक्त समोरून रंगवली आणि गणेश चतुर्थीच्या आदल्या रात्री ती पाठ पानासारखी वळलेली सापडली. त्यानंतर हा नियम कधी मोडलेला नाही: जे समोर लावाल ते मागेही लावा. कागदाचे तंतू पाण्याने फुगतात आणि वाळताना आक्रसतात; हे एकाच बाजूला घडले की पुठ्ठा त्या बाजूला ओढला जातो. समोर रंगाचा हात दिला की लगेच मागेही तेवढेच पाणी असलेला हात द्यावा, मग तो स्वस्तातला चुना का असेना. त्यापूर्वी फेविकॉल आणि पाणी समप्रमाणात मिसळून दोन्ही बाजूंना एक पातळ थर दिला तर पुठ्ठा रंगातले पाणी कमी पितो. वाकलेला तुकडा वाचवायचा असेल तर त्याची आत वळलेली बाजू किंचित दमट करून जाड पुस्तकांच्या खाली रात्रभर ठेवावा.

थर्माकोल हलका आणि स्वस्त असताना पुठ्ठ्याचा आग्रह का?

महाराष्ट्र शासनाने २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने प्लास्टिकच्या अनेक वस्तूंबरोबर थर्माकोलच्या सजावटीवरही बंदी घातली. त्या वर्षीच्या गणेशोत्सवापुरती सूट मिळावी म्हणून उत्पादक मुंबई उच्च न्यायालयात गेले, पण न्यायालयाने ती दिली नाही. त्यामुळे प्रश्न आवडीनिवडीचा राहिलेला नाही. पण कायदा नसता तरी आम्ही पुठ्ठाच निवडला असता: थर्माकोलचा चुरा गटारातून समुद्रात जातो आणि तेथेच राहतो, पुठ्ठ्याचा कागद पुन्हा गिरणीत जातो.

छोटा आकाशकंदील कसा करावा?

माहीमच्या कंदील गल्लीत टांगलेले पारंपरिक कंदील नीट पाहिले की चौकोन आणि त्रिकोण यांची ती गुंफण लक्षात येते. तिची लहान आवृत्ती एका घनापासून करता येते. डुप्लेक्सवर ५ सेंटीमीटर बाजूचे सहा चौरस घनाच्या घडीप्रमाणे आखावेत. घडी घालण्यापूर्वीच प्रत्येक चौरसाचे चारही कोपरे तिरके छाटावेत. कोपऱ्यापासून दोन्ही कडांवर २-२ सेंटीमीटर मोजून रेघ जोडावी, म्हणजे प्रत्येक कडेच्या मध्यभागी १ सेंटीमीटर जागा शिल्लक राहते. ही जागा राखलीच पाहिजे, कारण घन एकत्र धरणारी तीच. प्रत्येक चौरसाच्या मध्ये दोन सेंटीमीटरची खिडकी कापावी आणि वर-खालचे चौरस पूर्ण मोकळे ठेवावेत.

आतून पतंगी कागद लावून मग घडी घालावी. घन बंद झाला की छाटलेल्या कोपऱ्यांच्या जागी आठ त्रिकोण उघडतात. त्यांवर दुसऱ्या रंगाचा कागद लावावा. पिवळ्या चौकोनांना तांबडे किंवा गुलबक्षी त्रिकोण फार खुलतात. खाली अर्धा सेंटीमीटर रुंद, १० सेंटीमीटर लांब कागदी शेपट्या सोडाव्यात. असे पाच-सात कंदील एका दोऱ्यात ओवले तर खिडकीचे तोरण होते, आणि तुळशीच्या लग्नापर्यंत ते सहज टिकते.

आत दिवा कोणता लावावा? पणती किंवा मेणबत्ती चालेल का?

चालणार नाही. कितीही लहान असो, ज्योत असलेला दिवा पुठ्ठ्याच्या आरासीच्या आत, खाली किंवा लगत ठेवू नये. खरी पणती लावायची असेल तर ती आरासीपासून वेगळ्या पाटावर, निदान हातभर अंतरावर लावावी. आत लावण्यासाठी दोन पेन्सिल सेलवर चालणारी बारीक तारेची एलईडी माळ घ्यावी. ती ३ व्होल्टवर चालते आणि पुठ्ठा तापवत नाही. घराच्या मागच्या भिंतीला बोटभर भोक ठेवले की एकच माळ पाच-सहा घरांतून फिरवता येते. खिडक्यांना आतून तुपकट कागद किंवा पिवळा पतंगी कागद लावला तर दिव्याचा ठिपका न दिसता सारी खोली उजळल्यासारखी वाटते.

बटणाच्या आकाराच्या सेलवर चालणारे दिवे स्वस्त मिळतात, पण घरात लहान मूल असेल तर ते आणूच नयेत. असा सेल गिळला गेला तर दोन तासांतही अन्ननलिका भाजू शकते. नुसता संशय आला तरी वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

पुठ्ठ्याचा किल्ला करता येतो का?

येतो, आणि ज्या इमारतीत अंगणच उरलेले नाही तेथे तो खिडकीच्या ओट्यावर करता येतो, हे त्याचे मोठे सुख आहे. मातीच्या किल्ल्याची सर त्याला नाही, हे आम्ही मान्य करतो. आळीव पेरून उगवलेली ती हिरवळ पुठ्ठ्यावर येत नाही. पण पुठ्ठ्याचा किल्ला दुसरे काही शिकवतो. समान उंचीच्या रेषा दाखवणारा नकाशा घेऊन प्रत्येक रेषेच्या आकाराचा पाच थरी पुठ्ठ्याचा तुकडा कापावा आणि तुकडे एकावर एक रचावेत. पुठ्ठा ५ मिलिमीटरचा आणि रेषा २० मीटरच्या असतील, तर एका सेंटीमीटरला ४० मीटर हे प्रमाण होते आणि ४०० मीटरची चढण १० सेंटीमीटरची होते. मुलांना कडा का कडा आहे आणि माची कोठे सपाट होते, हे हाताला कळते. या प्रमाणात वाडे, दरवाजे आणि मावळे खऱ्या मापाने केले तर दिसणारच नाहीत, म्हणून ते मोठे करावे लागतात. ही सूट सर्वांनीच घेतली आहे.

दर वर्षी रायगड किंवा सिंहगडच केला पाहिजे असे नाही. वरळी, माहीम, शीव, शिवडी येथील किल्ले आणि धारावीजवळचा १७३७ चा काळा किल्ला हे आपल्याच शहरात आहेत, आकाराने लहान आहेत आणि प्रत्यक्ष जाऊन पाहता येतात. जमिनीसाठी चहाचा चोथा धुऊन, उन्हात वाळवून, चाळून घ्यावा; तो तांबड्या मातीसारखा दिसतो. गवतासाठी वखारीतला लाकडाचा भुसा हिरव्या रंगात भिजवून वाळवावा.

नाताळचा गोठा करताना काय ध्यानात ठेवावे?

येशूजन्माचा देखावा मांडण्याची प्रथा असिसीचे संत फ्रान्सिस यांनी १२२३ मध्ये इटलीतील ग्रेचो गावी केलेल्या मांडणीपासून रूढ झाली असे मानतात. वसईत आणि मुंबईच्या गावठाणांत मराठी बोलणारी ख्रिस्ती घरे गोठा आपल्या परिसरातल्यासारखाच करतात, आणि तेच सर्वांत सुंदर दिसते. बुटाच्या खोक्याचा अर्धा भाग, वर सोललेल्या पुठ्ठ्याचे छप्पर, खाली नारळाच्या काथ्याचे गवत आणि मागे माडाची दोन झाडे एवढ्यात गोठा उभा राहतो. बाळ येशूची मूर्ती २४ डिसेंबरच्या रात्रीपर्यंत ठेवत नाहीत आणि तीन राजांचा सण ६ जानेवारीला असतो. त्यामुळे मूर्ती काढता-घालता येतील अशी जागा ठेवावी, त्या चिकटवून टाकू नयेत. चांदणी डुप्लेक्सची पाच टोकांची करून प्रत्येक टोकाच्या मधोमध घडीची रेघ ओढली की ती उठावदार होते.

चमकी वापरावी का?

आमचा सल्ला नाही असा आहे. बाजारातली चमकी बहुधा प्लास्टिकची असते, ती महिनोन्‌महिने घरात निघत राहते आणि ज्या पुठ्ठ्याला लागते तो पुठ्ठा पुन्हा कागद होण्याच्या कामाचा राहत नाही. अभ्रकाची भुकटी ओल्या खळीवर शिंपडली तर तिची चमक सौम्य पण अधिक घरंदाज दिसते. पांढरी रांगोळीही दूरच्या बर्फासारखी छान दिसते.

मुलांना कोणत्या वयापासून घ्यावे?

चार-पाच वर्षांची मुले खळ लावणे, रंगवणे आणि भुसा पसरणे आनंदाने करतात. आठ-नऊ वर्षांची मुले कात्रीने डुप्लेक्स नीट कापतात. कटर मात्र बारा वर्षांच्या आत देऊ नये आणि त्यानंतरही शेजारी मोठे माणूस बसलेले असावे. मुलाचे काम रात्री गुपचूप सरळ करून ठेवू नये. त्याला ते सकाळी समजते.

लागणारे थोडेफार साहित्य मुंबईत कोठे मिळेल?

पुठ्ठा विकत घेऊ नये. किराणावाला आणि औषधांचे दुकान संध्याकाळी विचारले तर खोकी देतात, आणि रद्दीवाला किलोच्या भावाने निवडू देतो. पतंगी कागद, रंग आणि कटर क्रॉफर्ड मार्केटजवळच्या अब्दुल रहमान स्ट्रीटवर एका फेरीत मिळतात, आणि दिव्यांच्या माळा लोहार चाळीत. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात तेथे पाय ठेवायला जागा नसते, म्हणून खरेदी भाद्रपदातच उरकावी.

मुंबईच्या दमट हवेत ही आरास पुढच्या वर्षापर्यंत कशी टिकवावी?

पुठ्ठा हवेतला ओलावा शोषतो, आणि जून ते सप्टेंबर आपल्या हवेत तो भरपूर असतो. सण संपल्यावर आरास मऊ ब्रशने झाडावी, ऑक्टोबरच्या उन्हात नव्हे तर सावलीतल्या वाऱ्यावर दोन दिवस ठेवावी आणि मग घट्ट झाकणाच्या डब्यात भरावी. बूट, औषधे आणि पर्स यांच्याबरोबर येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या जमवून त्यात टाकाव्यात. दिव्यांचे सेल आधी काढून ठेवावेत, नाहीतर ते पाझरतात. खळीने केलेल्या वस्तूंना कसर लागण्याची भीती जास्त, म्हणून त्या वेगळ्या डब्यात, लवंगांच्या पुरचुंडीसह ठेवाव्यात. डबा माळ्यावर ठेवावा, पण गळणाऱ्या भिंतीला टेकवून नाही.

घरे आधीपासूनच घडी होणारी केली तर आणखी सोयीचे. चारपैकी एका कोपऱ्याचा जोड गोंदाऐवजी खाचेत अडकणाऱ्या जिभेने केला आणि छप्पर सुटे ठेवले की सहा घरांची वाडी एका साडीच्या खोक्यात झोपते.

खराब झालेल्या आरासीचे काय करावे? मूर्तीबरोबर विसर्जन केले तर चालेल का?

विसर्जन करू नये. रंग, गोंद आणि कागद यांचा लगदा पाण्याला त्रास देतो, आणि मखर हे निर्माल्यही नव्हे. दिवे, तारा, टाचण्या, चिकटपट्टी आणि पतंगी कागद काढून घ्यावेत. उरलेला कोरडा पुठ्ठा सुक्या कचऱ्यात किंवा रद्दीवाल्याकडे द्यावा. तेथून तो धारावीच्या तेरा कंपाउंडसारख्या वस्त्यांत वेगळा होऊन वापीसारख्या ठिकाणच्या कागद गिरण्यांत पोचतो. कागदाचे तंतू साधारणतः पाच ते सात वेळा पुन्हा वापरता येतात, प्रत्येक वेळी आखूड होत. भिजलेला किंवा खूप रंगवलेला पुठ्ठा मात्र गिरणीला नको असतो; तो सुक्या रद्दीत मिसळू नये, नाहीतर त्याच्यामुळे चांगली रद्दीही नाकारली जाते.